पोचवणाऱ्याने वाचायचे नसते



इंटरनेट आणि नागरिकाचा हक्क हा विषय पालघरमध्ये बाहेरून आणावा लागत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर काही वाक्ये लिहिली, दुसरीने ती लाइक केली, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. ही बातमी वाचून दिल्लीच्या श्रेया सिंघल या एकवीस वर्षांच्या मुलीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. देशातल्या कुणालाही निव्वळ ‘त्रासदायक’ मजकुराबद्दल त्या कलमाखाली उचलता येऊ नये, याचे मूळ पालघरच्या एका घरात आहे.

तिथे प्रश्न बोलण्याचा होता. मी आज बोलणार आहे ते मुकाट्याने वाचण्याबद्दल. माणूस फोनवर काय उघडतो, काय शोधतो, किती वाजता शोधतो, याचा माग त्याला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने जाहिरातीसाठी काढावा का? ज्यांना विरारची गाडी पकडायची आहे त्यांच्या सोयीसाठी उत्तर आधीच सांगून टाकतो. काढू नये. वाहून नेण्याचे पैसे घेतले म्हणून वाचण्याचा अधिकार मिळत नाही. ग्राहक ‘नको’ म्हणेपर्यंत वाचत राहू, हीही सवलत नको. आधी विचारावे, आणि जो नाही म्हणेल त्याला सेवा तेवढ्याच पैशांत तशीच मिळावी.

माझी उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. ट्रंक कॉलचा जमाना इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर, कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहायची, आणि लागला की गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचे. बोर्डावरच्या ऑपरेटरला लाईन लागली की नाही ते पाहायला कानावर हेडफोन ठेवावाच लागे. कुणाचे लग्न मोडले, कुणाचा माल अडकला, सगळे तिच्या कानावरून जाई. ती माणसे काही संत नव्हती, चहाच्या वेळेला कुजबुज व्हायची. पण १८८५ च्या तार कायद्यात कलम २६ होते, आणि निरोप फोडणाऱ्या किंवा त्यातला मजकूर बाहेर सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे प्रत्येकाला भरतीच्या वेळीच बजावले जाई. ऐकू येणे हा कामाचा भाग होता, ऐकलेले वापरणे हा गुन्हा. साहेबाच्या राज्यातला कायदा तो, सरकारला स्वतःला टॅपिंगची मुभा ठेवणारा. तरी वाहणाऱ्या नोकराच्या बाबतीत तो स्पष्ट होता.

टपालाचेही तसेच. १८९८ च्या टपाल कायद्यात पत्र फोडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. २०२३ साली नवा टपाल कायदा आला, जून २०२४ पासून लागू झाला, आणि त्यातून हा गुन्हाच गळला. कुणी मोर्चा काढला नाही. हल्ली पत्र लिहितो कोण, असे म्हणून आपण सोडून दिले.

लोक नेहमीच असे गप्प बसत आलेले नाहीत. १८४४ साली लंडनमध्ये इटालियन क्रांतिकारक जोसेफ मॅझिनी राहत होता; पुढे सावरकरांनी ज्याचे आत्मचरित्र मराठीत आणले तोच. आपली पत्रे वाटेत फुटतात असा त्याला संशय आला. त्याने लिफाफ्यांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस घालून पत्रे मागवली. पत्रे आली, दाणे आले नाहीत. प्रकरण पार्लमेंटात गेले, गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या नावाने इतका शिमगा झाला की लोक पाकिटावरच त्यांना टोमणे लिहून पाठवू लागले. आपल्याकडे १९८६ साली पत्रे अडवून पाहण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे टपाल दुरुस्ती विधेयक संसदेने मंजूर केले, तर राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. ते विधेयक कधीच कायदा झाले नाही.

आता तारेतून जाणाऱ्या पानांकडे येऊ. तुमच्या चाळीत वायफायची वायर ज्याच्या पेटीतून येते, त्या पेटीपासून पुढे तुमची प्रत्येक मागणी कंपनीच्या यंत्रांतून जाते. दहा-बारा वर्षांपूर्वी बहुतेक पाने उघड्या पोस्टकार्डासारखी जात. पत्ता दिसे आणि मजकूरही दिसे. आता बहुतेक संकेतस्थळांच्या पत्त्याआधी एचटीटीपीएस असते, म्हणजे मजकूर बंद पाकिटात. पण पाकिटावरचा पत्ता कंपनीला अजूनही सहसा वाचता येतो. कोणते पान, ते कळत नाही. कोणते संकेतस्थळ, किती वाजता, किती वेळ आणि किती डेटा, एवढे कळते. मोबाईल असेल तर कोणत्या टॉवरखालून, तेही.

एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. समजा, रासायनिक कारखान्यात रिॲक्टरवर काम करणारा एक जण रात्री दोन वाजता आठवडाभर छातीच्या आजारांची माहिती देणारी संकेतस्थळे उघडतो आहे, मध्येच नोकऱ्यांचे, आणि पगाराच्या आधीच्या आठवड्यात झटपट कर्ज देणाऱ्यांचे. आत काय वाचले ते कुणालाही पाहावे लागत नाही. या तीन पत्त्यांवरून त्याची अवस्था त्याच्या बायकोच्या आधी कंपनीच्या यंत्राला कळते, आणि त्या अवस्थेत त्याला कर्जाची जाहिरात दाखवायला पैसे मोजणारे बरेच आहेत.

लोक म्हणतात, गूगल आणि फेसबुक पाहतातच, मग यांचेच काय एवढे? फरक आहे. गूगल नको तर दुसरे काही वापरता येते, फेसबुक बंद करता येते. दाराची कडी ज्याच्या हातात आहे त्याला टाळून तुम्ही बाहेर कसे पडणार? आपल्या कुंभवलीसारख्या गावात वायफायवाला निवडायचा म्हणजे ज्याची वायर आपल्या खांबापर्यंत आली आहे तो घ्यायचा. आणि गूगल फुकट आहे म्हणून जाहिरातीवर जगते, असे निदान म्हणता येते. इथे महिन्याचे बिल भरून वर आपलीच माहिती द्यायची.

या पाळतीविरुद्ध एक मोठी आणि यशस्वी लढाई ब्रिटनमध्ये झाली. तिच्यावर जरा थांबतो, कारण शिकण्यासारखे तिच्यात बरेच आहे. फॉर्म नावाची एक कंपनी होती; आधीचे नाव १२१मीडिया, धंदा लोकांच्या संगणकांत शिरून जाहिराती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. तिने युक्ती काढली की प्रत्येक संगणकात शिरण्यापेक्षा इंटरनेट पुरवणाऱ्याच्याच यंत्रांत बसावे. ग्राहक जे पान मागेल त्याची एक प्रत फॉर्मच्या यंत्राकडे जाईल, यंत्र त्यातले शब्द पाहून ग्राहकाला ‘मोटारीत रस’, ‘प्रवासात रस’ अशा खान्यांत टाकेल, आणि त्याप्रमाणे जाहिरात येईल. फेब्रुवारी २००८ मध्ये बीटी, व्हर्जिन मीडिया आणि टॉकटॉक या तीन बड्या पुरवठादारांशी करार झाल्याचे जाहीर झाले. फॉर्मचे म्हणणे असे की आम्ही नाव ठेवत नाही, पत्ता ठेवत नाही, फक्त एक क्रमांक देतो.

मग उघड झाले की बीटीने २००६ आणि २००७ साली हजारो ग्राहकांवर याच्या गुपचूप चाचण्याही उरकल्या होत्या. काही ग्राहकांना आपला संगणक अनोळखी पत्त्यांकडे वळतो आहे असे तेव्हाच दिसले होते. त्यांनी विचारल्यावर तुमच्याच संगणकात व्हायरस असेल, असे उत्तर मिळाले होते. लोक भडकले ते या उत्तराने. जाहिराती त्यांना नव्या नव्हत्या. स्वतःच्या घरातला दोष शोधत रात्री घालवायला लावले, हा राग होता. अलेक्झांडर हॅनफ यांच्यासारखे कार्यकर्ते मागे लागले. केंब्रिजचे सुरक्षातज्ज्ञ रिचर्ड क्लेटन यांनी फॉर्मच्याच लोकांना विचारून ती यंत्रणा कशी चालते याचा सविस्तर अहवाल लिहिला आणि हे निरोप अडवणेच आहे असे सांगितले. पंतप्रधानांकडे गेलेल्या अर्जावर वीस हजारांहून अधिक सह्या झाल्या. जुलै २००८ मध्ये बीटीच्या भागधारकांची वार्षिक सभा भरली तिच्या दारात निदर्शने झाली. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने सांगितले की माझ्या पुरवठादाराने असे केले तर मी पुरवठादार बदलेन. द गार्डियनने अंग काढून घेतले. २००९ च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनने आणि विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने आमची पाने तपासायची नाहीत असे कळवले, त्याच महिन्यात युरोपीय आयोगाने ब्रिटनच्या सरकारवर कारवाई सुरू केली, आणि जुलैमध्ये बीटीने योजना गुंडाळली.

यातले दोन बारकावे मला फार बोलके वाटतात. एक, ही पाळत ग्राहकाला ‘वेबवाइज’ या नावाने, फसव्या संकेतस्थळांपासून संरक्षण म्हणून विकली जात होती. दुसरा, नको असेल तर नकार नोंदवायची सोय एका कुकीत होती. माणसाने खासगीपणाच्या काळजीने कुकीज पुसल्या की त्याचा नकारही पुसला जाई!

कोर्टात मात्र काही झाले नाही. गुपचूप चाचण्यांबद्दल खटला भरायचा नाही, असे तिथल्या सरकारी अभियोग खात्याने २०११ मध्ये ठरवले. युरोपीय आयोगाच्या दबावाखाली ब्रिटनला कायद्यातली ‘ग्राहकाची संमती असेल असे आम्हाला वाटले’ ही पळवाट तेवढी बुजवावी लागली. अमेरिकेत नेबूॲड नावाची अशीच यंत्रणा २००८ मध्ये ओरड झाल्यावर मागे घेतली गेली. पण तिथे एटी अँड टीने पुढे टेक्सासमधल्या ऑस्टिनला वेगळीच शक्कल काढली: पाळत चालत असेल तर वेगवान इंटरनेट महिना ७० डॉलर, नको असेल तर ९९. खासगीपणाचा दर एवढ्या उघडपणे लावलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. काही वर्षांनी तो त्यांनी काढला. पुढे २०१६ मध्ये अशा पाळतीवर नियम आले आणि २०१७ मध्ये तिथल्या संसदेने ते लागू होण्याआधीच रद्द केले.

आता आपल्याकडे. जून २०१५ मध्ये बंगळुरूच्या थेजेश जी. एन. या प्रोग्रामरला दिसले की एअरटेलच्या थ्रीजीवरून उघडलेल्या पानाच्या मूळ कोडमध्ये संकेतस्थळाने न पाठवलेला एक तुकडा आहे. तो वाटेत घुसवलेला होता. त्याने तो पुराव्यासह जगासमोर ठेवला. मॅझिनीची खसखस ती हीच: आपले म्हणून जे निघाले तेच पोचले का, एवढे तपासायचे. त्याला शाबासकी मिळावी, तर फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीच्या वकिलांची नोटीस आली, की आमच्या मालकीचा कोड तुम्ही प्रसिद्ध केलात. तुमच्या घरात शिरलेल्याचा फोटो काढलात म्हणून शिरणाऱ्याने कॉपीराइट सांगावा, अशी ही तऱ्हा. एअरटेलने सांगितले की त्या नोटिशीशी आमचा संबंध नाही, आणि हा कोड ग्राहकाला आपला डेटा किती खर्च झाला हे कळावे म्हणून आहे. वेबवाइजची आठवण होते की नाही? पाळत नेहमी सोयीचा सदरा घालून येते. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवरही पानांत परक्या जाहिराती घुसतात, अशा तक्रारी ग्राहक अनेक वर्षे करत होते. माझ्या जुन्या खात्याचा वारसा सांगणारी ती संस्था, म्हणून जास्त लागले.

ऑक्टोबर २०२० मध्ये एअरटेलच्या गोपनीयता धोरणात वाचणाऱ्यांना आढळले की ग्राहकाचा लैंगिक कल, राजकीय मते, जनुकीय माहितीसुद्धा गोळा करण्याची मुभा कंपनीने लिहून घेतली आहे. समाजमाध्यमांवर गदारोळ झाल्यावर कंपनीने ही कारकुनी चूक असल्याचे सांगून मजकूर बदलला. पुढच्या फेब्रुवारीत कंपनीने ग्राहकांच्या माहितीवर आधारलेला जाहिरातींचा नवा धंदा जाहीर केला. तो संमतीनेच चालेल असे सांगितले गेले. ती संमती कुठे, कशी आणि कोणत्या भाषेत घेतली जाते, हे मात्र प्रत्येकाने स्वतः आपल्या फोनमध्ये शोधून पाहावे.

थेजेशने तो कोड उघड केला त्याच २०१५ साली, नेट सगळ्यांना सारखे मिळावे म्हणून ट्राय या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी आली. म्हणजे आपल्याकडे ग्राहक उठत नाही असे नाही. मग पाळतीविरुद्ध तो का उठला नाही? व्हॉट्सॲपला वेगळे पैसे पडणार, हे बिलात दिसते. पाळत बिलात दिसत नाही.

न दिसणाऱ्या गोष्टीशी कसे भांडायचे, हे खरे तर या गावाने बाहेरच्यांना सांगावे. कुंभवली, कोलवडे, पास्थळ, सालवड, पाम या कारखान्यांशेजारच्या पट्ट्यात रात्री नाल्यात काय सोडले जाते हे कोणी पाहत नव्हते. सकाळी वास यायचा आणि खाडीत मासे मरायचे. कारखाना म्हणायचा, आमचे पाणी शुद्ध. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये हरित लवादात अर्ज केला, पाण्याचे नमुने घेतले गेले, समिती बसली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराच्या वर कारखान्यांवर भरपाई बसवली. नमुना हातात आल्याशिवाय गावाचे म्हणणे नुसते गाऱ्हाणे ठरते. थेजेशने जे केले तो नमुना घेणेच होते. फरक इतकाच की त्याने तपासलेल्या नाल्याला वास नाही, म्हणून तो तपासणारी माणसे आधी तयार करावी लागतील. बोईसर-पालघरच्या महाविद्यालयांत संगणक शिकणारी मुले आहेत. परिसरातल्या चार-पाच पुरवठादारांचे कनेक्शन घेऊन, पान निघते कसे आणि पोचते कसे, हे पाहण्याचा प्रकल्प त्यांना का देऊ नये?

कायद्याचे काय, असे इथले वकील विचारतील. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. जुलै २०१८ मध्ये ट्रायने शिफारस केली की माहितीचा मालक ग्राहक आहे, कंपन्या केवळ राखणदार. शब्द चांगले होते, पण शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. दुसऱ्या बाजूने डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार खात्याने परवान्याच्या अटी बदलल्या आणि ग्राहकांच्या कॉलच्या व इंटरनेट वापराच्या नोंदी एक वर्षाऐवजी दोन वर्षे जपायला सांगितले. तपासासाठी त्या लागतात हे मी मान्य करतो. खात्यात असताना अशा नोंदींवरून गुन्हे उलगडलेले मला ठाऊक आहेत. पण सरकारच्या हुकमाने भरलेले कोठार समोर आहे, त्याची किंमत बाजारात रोज वाढते आहे, आणि किल्ली व्यापाऱ्याच्या कमरेला आहे. जी नोंद तपासासाठी सक्तीने ठेवली तिला जाहिरातवाल्याचा हात लागता कामा नये, अशी सरळ अट परवान्यात का नसावी?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती मागतो, आणि दंड २५० कोटी रुपयांपर्यंत ठेवतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या अंगावर यायला कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. सरकारने स्वतःला मोठी सूट ठेवली आहे, तिच्यावर स्वतंत्र व्याख्यान लागेल. मला आज दाखवायची आहे ती दुसरी एक जागा. हा कायदा म्हणतो की अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायचा नाही, त्यांना रोखून जाहिराती दाखवायच्या नाहीत. उत्तम. पण चाळीतल्या खोलीत राउटर एक, कनेक्शन बापाच्या नावावर, आधार त्याचे, सही त्याची. त्याच वायरीवर दहावीतली मुलगी अभ्यास करते, आजी कीर्तन ऐकते, गावाकडून आलेला भाचा नोकरी शोधतो. पुरवठादाराला माणूस दिसत नाही, घर दिसते. मुलीला वगळून बापाचा माग काढणे त्याला जमणारच नाही. तेव्हा घरगुती कनेक्शनवर जाहिरातीसाठी पाळत ठेवणे हे मुलांवर पाळत ठेवणेच आहे, असा अर्थ लावायला हवा. सल्लामसलतीचा पुढचा कागद निघेल तेव्हा कुणीतरी हा मुद्दा लेखी पाठवायला हवा, आणि तो कुंभवली ग्रामसभेच्या ठरावासह गेला तर मला जास्त आवडेल.

तोवर करण्यासारखे एक काम आहे. कनेक्शन घेताना आपण जो फॉर्म भरतो, हल्ली तर नुसता ओटीपी सांगतो, त्यात कशाकशाला होकार दिला ते कुणी वाचत नाही, कारण तो इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असतो. नव्या कायद्याप्रमाणे संमतीची सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागण्याची तरतूद आहे. मराठी त्यात आहे. वायर जोडायला येणारा पोरगा आपलाच असतो, खांबावर चढून दोन पैसे मिळवतो, त्याच्यावर डाफरू नका. त्याच्यामार्फत कंपनीकडे दोन गोष्टी लेखी मागा: मराठीतली सूचना, आणि माझी नोंद जाहिरातीसाठी कुणाला दिली जाते का याचे उत्तर. कागद आले तर पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर आणा, आपण ते जाहीर वाचू. उत्तर आले नाही तर पत्राची पोच आणा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. प्रश्न असतील तर घेतो. वकीलसाहेबांचा हात केव्हाचा वर आहे.